एकोणीस किलो

हिवरखेडचा चंद्रभान निमकर्डे वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी बायकोला स्वतःची किडनी द्यायला अमरावतीला गेला, आणि डॉक्टरांनी त्याला परत पाठवलं.

त्याची बायको सत्यवती पावणेदोन वर्षांपासून डायलिसिसवर होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळच्या पहिल्या एसटीनं दोघं अकोल्याला जात. तिथे चार तास ती मशीनला जोडलेली असे आणि तो बाहेर बाकावर बसून असे. दोघांचा रक्तगट एकच निघाला तेव्हा चंद्रभानला वाटलं, झालं काम. आता फक्त तारीख घ्यायची आणि टेबलावर जाऊन झोपायचं. पण अमरावतीच्या डॉक्टर रागिणीबाईंनी आधी त्याला वजनकाट्यावर उभं केलं. एकशे सात किलो. मग रक्ताचे रिपोर्ट आले. साखर काठावर, बीपी चढलेला, लिव्हरवर चरबी.

डॉक्टरीणबाई समजावून सांगणाऱ्या होत्या. किडनी देणाऱ्याला पुढचा सगळा जन्म एकाच किडनीवर काढायचा असतो, त्या म्हणाल्या. या वजनात आणि या साखरेत तुमची एक काढून घेतली, तर दहा वर्षांनी तुम्ही स्वतः त्या मशीनपाशी याल. मग आम्ही काय मिळवलं? नव्वदच्या खाली या, साखर मागे आणा, मग पुन्हा तपासू. किती दिवसांत, असं त्यानं विचारलं. आठ-नऊ महिने लागतील, त्या म्हणाल्या, आणि घाई करायची नाही.

त्यांची मुलगी प्राजक्ता अमरावतीलाच फार्मसी शिकत होती. ती सोबत होती. दवाखान्याच्या पायऱ्यांवर येताच ती शांतपणे म्हणाली, "मंग माही घ्या. माहा रक्तगट बी तोच आहे."

सत्यवती तिथेच थांबली. "पोरीची मी घेनार नाई. मेलो तरी नाई."

प्राजक्तानं वाद घातला नाही. ती वडलांकडे वळली. "नऊ महिने मी थांबतो, बाबा. तोवर तुमचं नाई झालं, तर मंग मी कोनाचं आयकनार नाई."

परतीच्या एसटीत चंद्रभान खिडकीपाशी बसला. बसायला त्याला दीड जागा लागायची आणि सत्यवती उरलेल्या अर्ध्या जागेत अंग चोरून बसायची, हे त्याच्या त्या दिवशी पहिल्यांदा ध्यानात आलं.

तो काही जन्मापासून असा नव्हता. पस्तिशीपर्यंत चार एकर मळ्यातली वांगी, मेथी, ढेमसं तो स्वतः तोडायचा आणि पोतं खांद्यावर घेऊन चालायचा. मग मोटारसायकल आली, मळ्यात मजूर आले, चौकात भाजीचं दुकान झालं. दुकानात बसून राहायचं, येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर चहा प्यायचा, समोरच्या हॉटेलातून कचोरी मागवायची. वजन कधी वाढलं हे त्याला कळलंच नाही. मळेवाला मोठा माणूस आहे, असंच लोक म्हणायचे आणि त्यालाही ते बरं वाटायचं.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं जेवण सोडलं. डॉक्टरीणबाईंनी घाई नको म्हटलेलं त्याच्या कानात शिरलंच नव्हतं. सकाळी ताक, दुपारी ताक, संध्याकाळी एक केळ. सत्यवतीनं दोनदा सांगून पाहिलं, मग नाद सोडला. सातव्या दिवशी तो वांग्याच्या वाफ्यात उभा होता, आणि उभ्याचा खाली बसला, बसल्याचा आडवा झाला. निंदणाऱ्या बायांमधल्या मैनाबाईनं धावत येऊन तोंडावर पाणी मारलं, गुळाचा खडा तोंडात कोंबला. कोणीतरी घरी निरोप दिला. सत्यवती ऑटोत बसून मळ्यात आली. आदल्या दिवशीच डायलिसिस झालेलं, चेहरा पांढराफटक. ती त्याच्याशेजारी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसली.

"आता मी तुमाले सांभाळू, का तुमी मले?" ती म्हणाली.

तो हळूहळू उठला आणि तिच्यामागे ऑटोत जाऊन बसला.

त्या शुक्रवारी तीच त्याला अकोल्याच्या दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ गीतांजली मॅडमकडे घेऊन गेली. मॅडम तिशीतल्या, बारीक आवाजाच्या होत्या. त्यांनी उपदेश केला नाही. कालपर्यंतचा नाही, महिनाभरापूर्वीचा एक दिवस सांगा, त्या म्हणाल्या, उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खात होता. चंद्रभान सांगत गेला आणि त्या लिहीत गेल्या. दोन चमचे साखरेचा चहा, दिवसातून नऊ-दहा वेळा. चहाबरोबर टोस्ट. दहा वाजता आलूबोंडा नाहीतर कचोरी. दुपारी चार पोळ्या, भात, वर तेलाची तर्री असलेली भाजी. चार वाजता भजी. संध्याकाळी शेवचिवडा. दुकान बंद करून घरी यायला साडेनऊ, मग पुन्हा तेवढंच जेवण आणि लगेच झोप. पान भरलं तेव्हा मॅडमनी विचारलं, तुम्ही भाजी पिकवता ना, मग ती खाता कधी? चंद्रभान हसला आणि हसता हसता थांबला. भाजी विकायची असते, एवढंच त्याला ठाऊक होतं. त्याच्या ताटात ती यायची म्हणजे वाटीभर रश्शात दोन फोडी.

मॅडमनी फार काही बंद केलं नाही. अर्धं ताट भाजीनं भरायचं. ज्वारीच्या दोन भाकरी, वाटीभर घट्ट वरण नाहीतर मटकी, दही. चहा दिवसातून दोनदाच, बिनसाखरेचा. तेलाची बाटली महिन्याच्या पंधरा तारखेला अर्धी शिल्लक दिसली पाहिजे. रात्रीचं जेवण साडेसातला. आणि रोज चालायचं, आधी अर्धा तास, मग वाढवत न्यायचं. महिन्याला दोन-अडीच किलो उतरलं तरी आपण वेळेत पोचतो, त्या म्हणाल्या, पण उपाशी राहिलात तर आधी अंगातली ताकद जाईल आणि चरबी तशीच राहील.

मळा घरापासून अडीच किलोमीटर होता. चंद्रभाननं मोटारसायकल छपराखाली लावली आणि पायी निघाला. त्याला वाटलं होतं, चालणंच कठीण जाईल. घाम येत होता, धाप लागत होती, मांड्या घासून सोलल्या होत्या, पण त्याहून कठीण निघाले गावातले लोक. दर दहा पावलांवर एक मोटारसायकल थांबायची. बसा ना भाऊ. गाडी बिघडली का? गाडी विकली का? नाही म्हटलं तर माणूस नाराज होई आणि पुढे जाऊन चौकात सांगे की चंद्रभानचं काहीतरी बिनसलं आहे. किडनीचं त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. दहा-बारा दिवस त्यानं डॉक्टरनं सांगितलंय एवढ्यावर निभावलं. मग एक दिवस कंटाळून एकाला खरं ते सांगून टाकलं. दुपारपर्यंत सगळ्या गावाला कळलं, आणि दोन दिवसांत अचलपूरला त्याच्या थोरल्या बहिणीला, गोदाबाईला.

गोदाबाई एसट्या बदलत तडक आली. आई लवकर गेल्यावर चंद्रभानला तिनंच खाऊपिऊ घालून वाढवलं होतं. दारात चपला काढल्या आणि सत्यवतीशी दोन शब्द बोलून ती त्याला मागच्या अंगणात घेऊन गेली. सत्यवतीला ऐकू जाऊ नये एवढी काळजी तिनं घेतली, पण आवाज तिला काही खाली ठेवता आला नाही.

"चंद्रभान, बायकोसाठी नवरा असं अंग कापून देते का कुठी? म्या तं आयकलं नाई."

"बाई, माही खराब झाली असती, तर तिनं देल्ली असती का नाई?"

"तिनं देल्लीच असती."

"मंग?"

"बायकोचं निराळं असते," गोदाबाई म्हणाली. मग तिला स्वतःलाच ते ऐकून कसंतरी झालं असावं. ती न्हाणीजवळच्या दगडावर बसली.

चंद्रभान तिच्यासमोर उभाच राहिला. जे त्यानं अजून कोणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं ते तो बोलला. "दोन वर्षं तिचे पाय सुजत होते, बाई. मले म्हने, पाय जड झाल्यासारखे वाटतात, डोकं दुखते. मी म्हनो, हुभी राहू नोको लय. मी दर आठ दिवसाले अकोल्याले जात होतो माल घेऊन. एक दिवस तिले गाडीत बसवून नेलं असतं तं बीपी सापडला असता. म्या नाई नेलं."

तरी गोदाबाईला ते पटलं नाही. रविवारी तिनं मुद्दाम रोडगे केले, गोवऱ्यांवर भाजून, तुपात बुडवून, सोबत वांग्याची झणझणीत भाजी. चंद्रभाननं एक रोडगा खाल्ला आणि पानावर हात धरला. तिनं आग्रह केला, शपथ घातली, शेवटी डोळ्यांना पदर लावला. तो उठला नाही आणि त्यानं घेतलंही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघून गेली. जाताना त्याच्याशी बोलली नाही.

स्वयंपाक आता चंद्रभान करू लागला होता. सत्यवतीला चुलीपुढे फार वेळ उभं राहवत नव्हतं, आणि दोघांची पथ्यं वेगळी होती. तिची भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची, ते पाणी फेकून द्यायचं, मीठ चिमटीभर. त्याची भाजी एक चमचा तेलात. पहिले काही दिवस त्याच्या भाकरी काठाला चिरत आणि मध्ये कच्च्या राहत. ती खाटेवर बसून सांगायची, पीठ गरम पाण्यात भिजवा, हात ओला ठेवा, जोर देऊ नका. साडेसातला दोघं समोरासमोर जेवायला बसत. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, आणि एका वेळी जेवायला ते दोघं आताच बसू लागले होते. त्याआधी तो जेवायचा आणि ती वाढायची. ती किती हळू जेवते, घास घेण्याआधी भाकरीचा तुकडा बोटांत कसा फिरवते, हे त्यानं पाहिलंच नव्हतं. तिच्यासोबत जेवता जेवता त्याचंही जेवण हळू झालं, आणि दोन भाकरी पुरू लागल्या.

चार महिन्यांत तो शहाण्णव किलोवर आला. झोपेत घोरणं कमी झालं, असं सत्यवती सांगायची. एसटीची पायरी चढताना दांडा ओढावा लागत नव्हता. गावातल्या लोकांना सवय झाली होती. आता गाडी थांबवण्याऐवजी ते किती झालं म्हणून विचारत.

आणि मग काटा थांबला. शहाण्णव. आठवड्यानंतर शहाण्णव. पंधरा दिवसांनी साडेशहाण्णव. जेवण तेच, चालणं वाढलेलं, तरी आकडा हलेना. पाचव्या आठवड्याच्या मंगळवारी सत्यवतीला मशीनवर सोडून तो बाहेर पडला. दवाखान्यासमोरच्या हॉटेलात कढईतून कचोऱ्या निघत होत्या. त्यानं दोन खाल्ल्या, मग आणखी दोन. नंतर एक प्लेट जिलेबी मागवली. खाताना चव लागली ती पहिल्या दोन घासांची. पुढचं सगळं त्यानं जणू कोणावर तरी राग काढत संपवलं.

परतताना तेल्हाऱ्याच्या अलीकडे त्यानं सत्यवतीला सांगून टाकलं. लपवणं त्याला जमणारं नव्हतं, आणि शर्टाला तेलाचा वासही येत होता. ती रागावेल असं त्याला वाटलं. ती खिडकीबाहेर पाहत राहिली. बाहेर वेचणीला आलेल्या कपाशीचं रान पांढरं पसरलं होतं.

"मले संत्र खाऊ वाटते," ती म्हणाली. "दोन वर्षं होऊन गेले, पथ्यापायी एक फोड नाई खाल्ली. हिवाळ्यात गाडीवर पाह्यले का जीव जाते माहा. मंग मी म्हनतो, वाटू दे. घंटाभर वाटते, मंग जाते आपलं."

"म्या तं खाल्लं."

"खाल्लं तं खाल्लं. उद्या चालाले जा."

एवढंच. बोलून झाल्यावर डायलिसिसच्या थकव्यानं तिचा डोळा लागला आणि डोकं त्याच्या खांद्यावर आलं. एसटीच्या बाकावर मध्ये आता थोडी जागा उरत होती.

शुक्रवारी तो पुन्हा गीतांजली मॅडमकडे गेला. त्यांनी टेप काढून पोटाचं माप घेतलं. काटा थांबलेल्या पाच आठवड्यांत कंबर तीन बोटं उतरली होती. शरीर असं मध्येच थांबतं, त्या म्हणाल्या, आता नुसतं चालून भागायचं नाही, स्नायूंना काम द्या. जिमचं नाव काढताच तो हसला, हिवरखेडात कुठे जिम. मॅडमनी विचारलं, मळ्यात तुम्ही आधी काय काय करायचात? तो सांगू लागला, आणि सांगतानाच त्याला उत्तर मिळालं.

सोमवारपासून तो मळ्यात पाहायला नाही, काम करायला जाऊ लागला. सकाळी दोन तास फावडं, पाण्याचे दांड वळवणं, भाजीनं भरलेली कॅरेट धुऱ्यापर्यंत वाहून नेणं. पहिल्या आठवड्यात तळहातांना फोड आले. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मैनाबाईनं मात्र त्याला विळ्याची मूठ कशी धरायची ते पुन्हा शिकवलं, जणू तो कालच कामावर लागला होता. अकोल्यात चार तास बाकावर बसणंही त्यानं सोडलं. दवाखान्याच्या मागे एक मोठं पटांगण होतं, तिथे तो फेऱ्या मारू लागला. महिनाभरात डायलिसिसवाल्यांचे आणखी तीन-चार नातेवाईक त्याच्याबरोबर चालायला लागले. आतली माणसं मशीनवर, बाहेरची पटांगणात. कोणाचं क्रिअ‍ॅटिनिन किती, कोणाला कुठली भाजी चालते, चालता चालता हेच बोलणं चाले.

काटा पुन्हा हलला. पंच्याण्णव, त्र्याण्णव, एक्क्याण्णव. मध्ये संक्रांत आली, एका पुतण्याचं लग्न आलं. लग्नाच्या पंगतीत त्यानं बुंदीचे दोन घास खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी मळ्यात जास्त वेळ घातला. नऊ महिन्यांतले चार दिवस उरले असताना तो अमरावतीच्या त्याच काट्यावर उभा राहिला. अठ्ठ्याऐंशी किलो. साखर मागे आली होती, बीपी ठीक होता, लिव्हरवरची चरबी बरीच उतरली होती. डॉक्टर रागिणीबाईंनी जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी ठेवून दोनदा पाहिला. एकोणीस किलो, त्या म्हणाल्या. मग त्यांनी पुढच्या तपासण्यांचा कागद लिहायला घेतला.

प्राजक्ता बाहेर उभी होती. आकडा ऐकल्यावर वडलांच्या सैल झालेल्या पट्ट्याला तिनं हात लावून पाहिलं. टोकापासून दूर, खिळ्यानं पाडलेलं नवं भोक होतं.

पुढे महिनाभर कागदपत्रं चालली. अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीपुढे दोघांना वेगवेगळं बोलावलं. किडनी द्यायला तुमच्यावर कोणी दबाव आणला आहे का, असं चंद्रभानला विचारलं. त्यानं थोडा विचार केला आणि सांगितलं की नाही, उलट सगळ्यांनी नको म्हणूनच सांगितलं होतं. समितीतले एक जण हसले आणि त्यांनी सही केली.

ऑपरेशन अमरावतीलाच झालं. आदल्या दिवशी गोदाबाई अचलपूरहून कपड्यांची पिशवी घेऊन आली आणि काही न विचारता कॉटखाली पिशवी सरकवून बसली. तिला राग विसरायला कोणी सांगितलं नव्हतं. तिनं स्वतःहून एवढंच सांगितलं की भावाजवळ पोरगी बसेल, सत्यवतीजवळ मी बसतो. सत्यवतीला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं, आत कोणाला सोडत नव्हते. गोदाबाई पाच दिवस त्या खोलीच्या बाहेर काचेपाशी बसून राहिली.

चंद्रभान शुद्धीवर आला तेव्हा बाजूला ओढ लागल्यासारखं दुखत होतं. किडनीनं टेबलावरच काम सुरू केलं, असं प्राजक्तानं त्याला सांगितलं. तिसऱ्या दिवशी तो भिंतीला धरून काचेपर्यंत चालत गेला. आत सत्यवती पाण्याचा ग्लास हातात घेऊन बसली होती. इतके दिवस दिवसाला लिटरभर पाण्यात भागवलेल्या बाईला आता डॉक्टर तीन लिटर प्यायला सांगत होते. तिनं त्याला पाहिलं, ग्लास वर करून दाखवला, आणि सगळा एका दमात प्यायली.

आता या गोष्टीला सात महिने झाले आहेत. ऑपरेशननंतर दोन महिने चंद्रभानला वजन उचलायची मनाई होती, त्यात तो तीन किलो वाढला. ते उतरवायला त्याला दोन महिने लागले. तो नेमानं लघवीची आणि रक्ताची तपासणी करून घेतो. दुकानात आता ठेवलेल्या माणसाबरोबर पाळीपाळीनं बसतो, सकाळ मळ्यातच जाते.

अडचण सत्यवतीची झाली आहे. किडनी टिकावी म्हणून दिलेल्या गोळ्यांनी तिला भयंकर भूक लागते. दोन-अडीच वर्षं जेवणाकडे ढुंकून न पाहणारी ती, अकरा वाजता जेवते आणि एक वाजता डबे उघडते. तीन महिन्यांत आठ किलो वाढली, गाल गोल झाले. गोदाबाई म्हणते, आता कुठे सत्यवती चांगली दिसून राहिली. गीतांजली मॅडमनी मात्र तिच्या हातात कागद दिला. अर्धं ताट भाजी, दोन भाकरी, आणि रोज अर्धा तास चालणं, तोंडाला मास्क लावून.

परवा सकाळी सहाला चंद्रभान मळ्याकडे निघाला तर ती आधीच दाराशी चपला घालून उभी होती. तो तिच्या चालीनं हळू चालू लागला. दोनशे पावलं गेल्यावर ती थांबली, कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे पाहिलं.

"मले सांभाळून चालू नोका," ती म्हणाली. "तुमी चाला आपल्या चालीनं. मी येतो."

तो पुढे झाला. वळणापाशी मागे वळून पाहिलं तेव्हा एक मोटारसायकलवाला तिच्याशेजारी थांबून बसा ना वहिनी म्हणत होता, आणि ती हातानंच त्याला पुढे जायला सांगत होती.